हाताने बिघडवलेलं गाव

दोन वर्गांच्या मधली भिंत एका विटेची ठेवली की ज्ञान दोन्हीकडे सारखं झिरपेल, असं शाळा बांधणाऱ्याला वाटलं असावं. प्रत्यक्षात त्या भिंतीतून झिरपायचा तो हशा, आणि तोही एकाच दिशेनं, चौथी-ब मधून चौथी-अ मध्ये.

चौथी-अ चे सर एके दिवशी फळ्याशी उभे राहून समाजशिक्षणातला ‘आपले मदतनीस’ हा पाठ घेत होते. मुलं त्यांना खडूसर म्हणत. हे नाव आपल्या वळणदार अक्षरावरून पडलं, अशी सरांची समजूत. मुलांकडे त्याचं दुसरं कारण होतं, पण कारणं सांगायची पाळी मुलांवर सहसा येत नाही. पलीकडचे ते हसरे सर. हसरे हे आडनाव नव्हे. ती त्यांची कायमची अवस्था. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच टेबलावर वाकून दोघांनी रुजू झाल्याच्या सह्या केल्या, आणि पेन खडूसरांचं होतं. हसरे सरांनी ते परत केलं, पण टोपण न लावता. खडूसरांच्या मनातल्या खतावणीत हसरे सरांच्या नावे पडलेली ही पहिली रक्कम. पुढे त्या खात्यात भर पडतच गेली. शिपाई चहा आधी तिकडे नेतो. पालकसभेला तिकडे खुर्च्या कमी पडतात आणि इकडून न्याव्या लागतात. आणि सगळ्यांत मोठी थकबाकी म्हणजे हसरे सरांना चित्रं काढता येत.

खडूसरांनाही येत, नाही असं नाही. फक्त त्यांना चेहरा एकच यायचा, मेहुण्याचा. लग्न ठरल्यापासून हा चेहरा त्यांच्यासमोर इतक्या वेळा येऊन बसला होता की हात आपोआप तिकडे वळे. त्यामुळे त्यांच्या तक्त्यांवरचा पोस्टमन, डॉक्टर, बंबवाला आणि परिचारिका अशा सर्वांना तेच जाड नाक आणि तेच अरुंद कपाळ असायचं. परिचारिकेची मिशी ते आठवणीनं टाळत, म्हणजे आठवण राहिली तर.

त्या दिवशी पलीकडून नुसता हशा नाही, टाळ्याही आल्या. दोन वर्गांच्या मधे एक कायमचं बंद दार होतं आणि दाराला फट होती. खडूसरांनी फटीला डोळा लावला. पलीकडे जमिनीवर एक अख्खी वस्ती उभी होती. पुठ्ठ्याची घरं, कापडी रस्ते, टपालघर, बाजार, दवाखाना. दवाखान्याच्या पायरीवर एक मांजर शेपटीचा विळखा घालून झोपलेलं. मुलं रस्त्यावरून बोटानं चालत होती आणि पत्ते विचारत होती. त्या मुलांत खडूसरांची स्वतःची मुलगी होती. तुकड्या पाडताना ती ब मध्ये गेली होती, आणि याची नोंद वेगळ्या पानावर होती.

“सर,” मागून एका मुलानं विचारलं, “काय चाललंय तिकडे? आम्हालापण सांगा ना.”

“तिकडे गोंधळ चाललाय,” खडूसर म्हणाले. “आपण पोस्टमनकडे वळू.”

मुलं निमूटपणे मेहुण्याकडे वळली.

हे एवढ्यावर राहिलं असतं. जळणं ही माणसाची खाजगी बाब आहे आणि शिक्षकाच्या पेशात तिला पुष्कळ मोकळा वेळही मिळतो. पण त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंनी, शिक्षकांची सभा घेतली. दुसऱ्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी होत होती. तिथं समाजशिक्षणाचा स्वतंत्र कक्ष व्हायचा होता आणि तो एका शिक्षकाच्या ताब्यात जाणार होता.

ती खोली खडूसरांनी पूर्वीच मनानं घेऊन टाकली होती. तिला रस्त्याकडची खिडकी होती, कुलूप लागणारं कपाट होतं, आणि शाळेतलं एकुलतं एक असं टेबल होतं ज्याचे चारही पाय एका उंचीचे होते. सध्या खडूसरांचे नकाशे शिक्षकखोलीत कपाटाच्या डोक्यावर, झाडूंच्या शेजारी राहत. पृथ्वीचा गोल काढायचा म्हटलं की आधी सुपली उतरवावी लागे. हा पृथ्वीचा अपमान आहे, असं त्यांचं मत होतं. स्वतःचा ते त्यात धरत नसत, पण तो धरलेला असायचा.

“ज्याचा पाठ चांगला त्याला खोली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तपासणीस साहेब येणार आहेत, ते ठरवतील. एक अट. साहित्य स्वतः केलेलं पाहिजे. विकतचं आणून मांडायला शिक्षक कशाला, हमाल पुरे.”

सगळ्यांच्या माना हसरे सरांकडे वळल्या. हसरे सर हसले. खडूसरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

संध्याकाळी ते पुठ्ठा आणि रंग आणायला शाळेमागच्या दुकानात गेले. आपणही वस्ती करायची, असा त्यांचा निर्धार होता. काउंटरवर हात ठेवला आणि काचेआड त्यांना ते मांजर दिसलं. तेच मांजर, तोच शेपटीचा विळखा, तीच दवाखान्याची पायरी. वर चकचकीत कागद.

“हे काय आहे?”

“तयार वर्गसाहित्य, सर,” दुकानदार म्हणाला. “प्राथमिकच्या समाजशिक्षणाचं. कापायला नको, चिकटवायला नको. पाकीट फोडायचं, गाव उभं करायचं. चटाचट खपतंय.”

खडूसरांना जो आनंद झाला तो एखाद्या दूरच्या काकांनी मरताना घर नावावर केल्यावरच होत असेल. म्हणजे हसरे सर वस्ती विकत आणतात. आणून जराशी मळवतात आणि हातची म्हणून मांडतात. ती फटीतून दिसलेली थोडी तिरकी कड, तो इकडेतिकडे निसटलेला रंग, सगळी बनवाबनवी. काय हुशार माणूस आहे, असं खडूसरांना वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल पुन्हा राग आला.

घरी त्यांनी बूट काढायच्या आधी बायकोला सांगितलं.

“मग जाऊन सांगा मोठ्या बाईंना,” बायको म्हणाली.

“म्हणजे मी चहाडी करू?”

“मग नका सांगू.”

“म्हणजे त्याला तसाच सोडू?”

“अहो, तुम्हाला नक्की काय हवंय? खोली हवीय, की हसरे सर रडलेले हवेत?”

खडूसर विचारात पडले. दोन्ही एकदम मिळण्याची काही सोय आहे का, हा तो विचार. शेवटी चोरावर मोर व्हायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं आतून एक मोठी पेटी आणली. “हा बघा महासंच. वस्ती तर आहेच, शिवाय नगरपालिका, शाळा, बसथांबा, पाण्याची टाकी आणि माणसं. आजच आलाय, कुणी पाहिलासुद्धा नाही.” कुणी पाहिला नाही, हे ऐकून खडूसरांनी पेटी उचलली आणि ती उलटी धरून, नाव छातीकडे करून, गल्लीगल्लीनं घरी आणली.

पेटी उघडल्यावर घरातले सगळे तिच्यावर वाकले. नगरपालिकेला खांब होते, बसथांब्यावर बसलेल्या आजीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती.

“बाबा, हे आमच्या सरांसारखंच आहे,” मुलगी म्हणाली. “झाडंसुद्धा त्यांचीच.”

“बघितलंस? तुझे सर दुकानातलीच झाडं आणतात.”

“ते म्हणाले, मी स्वतः काढली.”

“म्हणणारच. आणि हे बघ, यातलं शाळेत काही बोलायचं नाही.”

“मी नाही बोलणार. मला कुणी विचारलं तर सांगेन.”

“कुणी विचारणार नाही. जेव तू.”

अडचण वेगळीच होती. संच इतका देखणा होता की तो खडूसरांनी केला, हे त्यांच्या जन्मदात्या आईलासुद्धा पटलं नसतं. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, आणि कडा तर सुरीनं लोणी कापावं तशा. आता या गावाला हातचं करायचं, म्हणजे हातानं बिघडवायचं होतं.

चांगली वस्तू बिघडवणं सोपं आहे, असा एक गैरसमज लोकांत आहे. चुकून बिघडवणं सोपं असतं. ठरवून, प्रामाणिक वाटेल इतकंच बिघडवायला हात बसावा लागतो. रविवारी दुपारी खडूसरांनी कात्री घेतली आणि टपालघराची कड वाकडी कापायला सुरुवात केली. एरवी त्यांची कात्री कधी सरळ चालली नव्हती. त्या दिवशी ती रुळावरून जावी तशी गेली. टपालघर आधीपेक्षा सरळ झालं.

“द्या इकडे,” बायको म्हणाली. “वाकडं म्हणजे कसं, तुमच्या स्वभावासारखं कापायचं. अधूनमधून सरळ वाटलं पाहिजे.”

इतक्यात वरच्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्र मागायला आले. काका सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त झाले होते आणि अजून निवृत्त झाल्यासारखे वागत नव्हते. त्यांनी परिस्थिती समजून घेतली, खुर्ची ओढली आणि वर्तमानपत्र विसरले.

“कागद जुना दिसायला हवा?” काका म्हणाले. “आमच्याकडे काही करावं लागत नसे. नुसता साहेबांच्या टेबलावर ठेवायचा.”

“काका, आमच्याकडे तेवढा वेळ नाही.”

“मग चहा. पण साखरेचा नको, मुंग्या गाव खातात. कोरा चहा, कोमट, आणि बुडवायचं नाही. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतो तसं टिपायचं.”

खडूसरांना टिपण्यात वेळ घालवायचा नव्हता. त्यांनी परातीत चहा ओतला आणि नगरपालिका बुडवली. नगरपालिका फुगली. तिचे खांब सुजलेल्या बोटांसारखे झाले आणि मधली पायरी सुटून परातीत तरंगू लागली. काकांनी ते पाहून समाधानानं मान हलवली. “आता खरी वाटते,” ते म्हणाले.

सुकायला गाव गॅलरीत मांडलं. वाऱ्यानं पोलीसचौकी उचलली आणि समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावर नेऊन टाकली. ती आणायला मुलगी गेली. समोरच्या बाईंनी विचारलं, “कुणी केलंय गं इतकं सुंदर?” मुलीला बाबांनी बजावलं होतं आणि विचारलं तर खरं सांगायचं असं तिचं स्वतःचंही ठरलेलं होतं. तिनं दोन्ही सांभाळलं. “मला सांगायला मनाई आहे,” ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत समोरच्या इमारतीत ठरलं, की सर घरात काहीतरी छापतात.

कंपनीचं चिन्ह खोडलं की पुठ्ठा फाटे, म्हणून त्यावर कागद चिकटवून झाडं काढली. गावाची हिरवाई वाढली. राहिली माणसं. त्यांचे छापील चेहरे इतके जिवंत होते की आजी तर काही विचारेल असं वाटे. खडूसरांनी एकेका चेहऱ्यावर कागदाची टिकली चिकटवली आणि रंगाची कांडी उचलली. हात आपोआप वळला.

त्याच वेळी तो चेहरा स्वतः दारात उभा राहिला. मेहुणा बहिणीला भेटायला आला होता. त्यानं जमिनीवर पसरलेल्या गावाकडे पाहिलं. टपालघरात तो होता, दवाखान्यात तो होता, बाजारात भाजी घेऊनही तोच बसला होता.

“भाऊजी,” तो सावकाश म्हणाला, “हे माझ्याबद्दल काही आहे का?”

“तुझ्याबद्दल कशाला असेल? हे नागरिकशास्त्र आहे.”

“मग मला भाजी विकायला का बसवलंय? तायडे, बघ ना.”

“अरे, नगराध्यक्ष अजून व्हायचाय,” बायकोनं समजूत घातली. “तोही तूच होशील. बस.”

मेहुणा बसला. नगराध्यक्षासाठी त्यानं बाजू देऊन चेहरा धरला, हनुवटी उचलली आणि मिशी नीट काढा असं दोनदा सांगितलं. आयुष्यात प्रथमच खडूसरांनी त्याला समोर बसवून काढलं आणि आयुष्यात प्रथमच तो चेहरा मेहुण्यासारखा आला नाही. पुन्हा टिकली चिकटवावी लागली. पाठ फिरवून काढल्यावर जमला.

गाव झालं. ओबडधोबड, चहाच्या वासाचं, पण झालं. आता फक्त शाळेत नोंद करायची राहिली.

शाळेचे हेडक्लार्क चष्म्याच्या वरून माणूस बघत आणि खालून कागद. “स्वतः केलेलं साहित्य?” ते म्हणाले. “पुठ्ठा कुठला?”

“घरचा.”

“घरचा पुठ्ठा शाळेच्या साहित्याला चालत नाही. उद्या तुम्ही गाव घरी घेऊन गेलात तर? शाळेचा पुठ्ठा घ्या. मागणी द्या.”

“पण गाव तयार आहे.”

“पुठ्ठ्याआधी गाव तयार कसं?”

या प्रश्नाला खडूसरांकडे असं एकच उत्तर होतं जे देता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मागणी दिली. पुठ्ठा मिळाला. तो दारापेक्षा रुंद होता. तो डोक्यावर धरून ते घरी निघाले तेव्हा वारा होता, आणि वारा नेईल तिकडे ते जात होते. भेटेल तो विचारी, “काय सर, बिऱ्हाड बदलताय?” घरी येऊन त्यांनी पुठ्ठा दाराआड ठेवला आणि सुटलो म्हणाले.

सुटले नव्हते. “पुठ्ठा वापरला ना?” हेडक्लार्कनी दुसऱ्या दिवशी विचारलं. “मग कापून उरलेले तुकडे जमा करा. तुकडे नाहीत तर वापर नाही.”

त्या संध्याकाळी खडूसरांचं सगळं कुटुंब गोलाकार बसून एका कोऱ्या करकरीत पुठ्ठ्याचा कचरा करत होतं. गाव दुकानातून आलं होतं. त्याचा केर मात्र शंभर टक्के हातचा होता. तो करताना खडूसरांना वाटलं, हसरे सरांनीही हे सगळं केलं असेल, आणि करताना हसले असतील. या विचारानं त्यांची कात्री छान वाकडी चालू लागली. आता त्याचा उपयोग नव्हता.

पाठाच्या दिवशी सभागृहात दोन्ही तुकड्या समोरासमोर बसल्या. तपासणीस साहेब मधल्या खुर्चीत, शेजारी मोठ्या बाई. पहिले हसरे सर. त्यांनी वस्ती मांडली आणि एका मुलीला पाहुणी केलं. पाहुणीला ताप आला होता आणि दवाखाना सापडत नव्हता. सगळा वर्ग तिला रस्ता सांगू लागला. डावीकडे वळ, टपालघर सोड, मांजर दिसलं की थांब. ती पाहुणी म्हणजे खडूसरांची मुलगी. ती इतकी छान तापली होती की खडूसरांचा हात नकळत खिशातल्या रुमालाकडे गेला. मग त्यांना आपण कुठल्या बाजूला आहोत ते आठवलं.

पाठ संपला. टाळ्या झाल्या. तपासणीस साहेब उठून वस्तीपाशी वाकले.

“हे मांजर आमच्या नातीकडे आहे,” ते म्हणाले.

पुढच्या रांगेतली मुलं मांजर बघायला उठली.

“दुकानातून आणलेला संच आहे. हेच घर, हाच दवाखाना. काय सर? स्वतः केलेलं पाहिजे, अशी अट होती ना?”

सगळे हसरे सरांकडे बघत होते. खडूसर सगळ्यांत जास्त बघत होते. इतकी वर्षं साठलेलं व्याज एकरकमी वसूल होण्याचा तो क्षण. हसरे सरांनी तोंड उघडलं, मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या हेडक्लार्ककडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“तसंच असेल, साहेब,” ते म्हणाले. आणि हसले. थोडं कमी हसले, एवढंच.

मग खडूसर. त्यांनी गाव मांडलं तेव्हा नगरपालिका एका बाजूला कलली आणि एका मुलाला ती पाठभर धरून बसावं लागलं. मुलं आपापल्या मदतनिसांना हाका मारू लागली. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक चौकस मुलगा उठला.

“सर, पोस्टमन, डॉक्टर, भाजीवाला आणि नगराध्यक्ष हे सगळे एकच आहेत का?”

खडूसरांच्या पाठीतून घाम निघाला. पण वर्षानुवर्षं फळ्याशी उभं राहिलेला माणूस घाम पुसायच्या आधी उत्तर देतो.

“लहान गावात,” ते म्हणाले, “एकाच माणसाला पुष्कळ कामं करावी लागतात.”

तपासणीस साहेब खुर्चीत पुढे झाले. “वा. अगदी खरं. आमच्या कार्यालयातही तेच आहे.”

“आणि साहेब, हे मात्र हातचं, याची मी खात्री देते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “हे नाक मी वर्षानुवर्षं बघतेय. या नाकाची नक्कल बाजारात होणं शक्य नाही.”

खोली खडूसरांना मिळाली. किल्ली तिथल्या तिथं हातात आली. चौथी-ब ची मुलं मान खाली घालून आपलं गाव गोळा करत होती. खडूसरांची मुलगी बाबांकडे न बघता दवाखाना पिशवीत ठेवत होती. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि तिला ते फार लागलं असावं.

जिन्यात हसरे सर थांबले होते.

“अभिनंदन,” त्यांनी हात पुढे केला. “नगरपालिकेची मधली पायरी तुम्ही काढून टाकलीत, ते बरं केलंत. मी काढतानाच मला वाटत होतं, मुलांची बोटं अडकतील.”

खडूसरांचा हात हसरे सरांच्या हातात तसाच राहिला. “काढताना?”

“मीच काढतो ना त्यांची चित्रं. त्या कंपनीची. आधी घरी हातानं करतो, वर्गात मुलांना देऊन बघतो, मग ते छापतात. आज मांडलं ते मूळचं होतं. बाहेरच्या कामाच्या परवानगीसाठी अर्ज केलाय, पण तो हेडक्लार्ककडे बसलाय. तो सुटेपर्यंत तोंड उघडायची सोय नाही. उघडलं तर नोकरीवर यायचं.” ते थोडे थांबले. “आजीच्या चेहऱ्याला मला फार वेळ लागला होता. पण मिशीही वाईट दिसत नाही.”

खडूसरांना एकदम जिना उंच वाटू लागला. मांजर, झाडं, ती तिरकी कड. मुलीनं तर सरळ सांगितलं होतं.

“मी आत्ता जातो,” ते म्हणाले. “साहेबांना सगळं सांगतो.” त्यांचे पाय खरोखर सभागृहाकडे वळले होते का, याबद्दल खुद्द त्यांच्यातच दुमत आहे. पण वळायला लागले होते, असं धरून चालू.

हसरे सरांनी त्यांचा दंड धरला. “नका जाऊ. तुम्ही तुमचं सांगितलंत की माझंही उघडं पडणार. अहो, राहू दे. खोली कुणाकडे का असेना, मुलांना खिडकी मिळाली. तुम्हाला ती शोभते.” आणि ते हसले, या वेळी पूर्ण.

त्या हसण्यानं खडूसरांना जेवढं पोळलं तेवढं आजवरच्या सगळ्या टाळ्यांनी पोळलं नव्हतं. आयुष्यात मोठेपणा दाखवायची एक संधी त्यांच्यापर्यंत चालत आली होती, आणि तीही या माणसानं आधीच उचलली होती. चोर म्हणून ज्याच्यावर मोर झालो तो साव निघाला, एवढंच नाही तर वर मोरालाच शाबासकी देऊन गेला. अशा माणसाचं काय करायचं, हे कुठल्याच पाठात नव्हतं.

“झालं ते झालं,” घरी बायको म्हणाली. “पण तुम्ही आता खूश का नाही?”

“तो चिडला नाही,” खडूसर म्हणाले.

“मग?”

“मी त्याच्या जागी असतो तर चिडलो असतो.”

“ते सगळ्या गल्लीला माहीत आहे,” बायको म्हणाली.

आठवड्याभरात मोठ्या बाईंनी खडूसरांना बोलावलं. तपासणीस साहेब फारच प्रसन्न झाले होते. इतर शाळांचे शिक्षक कक्ष बघायला येणार होते. तेव्हा पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक इयत्तेचं साहित्य, असंच, हातचं, वर्षअखेर तयार हवं होतं. “तुमचा हात आता बसलाच आहे,” बाई म्हणाल्या.

खडूसर थेट दुकानात गेले. बाकीच्या इयत्तांचे संच होते का? नव्हते. “चित्रकार काढतोय म्हणतात,” दुकानदार म्हणाला. “सावकाश काढतो, पण माणूस हसतमुख आहे.”

खडूसर दोन दिवस पुठ्ठ्यासमोर बसले. पहिल्या दिवशी मेहुणा झाला. दुसऱ्या दिवशीही मेहुणा झाला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते चौथी-ब च्या दाराशी जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी घरून घोकून आणलं होतं, मानानं, आडवळणानं. पण त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत हसरे सर म्हणाले, “कधी सुरू करायचं?”

तेव्हापासून कक्षाचं काम जोरात आहे. कक्ष अर्थातच खडूसरांचा. दारावर पाटी त्यांची, कपाटाला कुलूप त्यांचं. चार सारख्या पायांच्या टेबलाशी, खिडकीजवळ, हसरे सर बसतात, कारण चित्राला उजेड लागतो. खडूसर दाराजवळच्या स्टुलावर बसून नाकं काढतात, कारण नाकांवाचून ते साहित्य खडूसरांचं म्हणून ओळखलं जाणार नाही. मधल्या सुट्टीत मुलं येतात आणि खिडकीपाशी गर्दी करतात. दोन्ही तुकड्यांची येतात. खडूसरांची मुलगी सरांना रंग कालवून देते आणि जाताना बाबांच्या स्टुलाला वळसा घालून जाते. बघायला येणारे पाहुणे कक्षाची तारीफ करतात, आणि हसरे सर लगेच हात दाखवून सांगतात, “हे सगळं यांचं.” पाहुणे त्यांच्या या विनयाचं कौतुक करून निघून जातात.

किल्ली मात्र खडूसर कुणाला देत नाहीत. ती त्यांच्याच खिशात असते. त्यामुळे सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत येऊन, दुसऱ्या मजल्यावर चढून, हसरे सरांसाठी दार रोज त्यांनाच उघडावं लागतं.